पोटात पाणी नव्हतं

आमच्या घरात रंजीला बोलवायच्या चार तऱ्हा होत्या. आई टाच आपटायची. शेणानं सारवलेल्या जमिनीतून ती थाप रंजीच्या तळव्यांना कळायची आणि ती मान वळवायची. आण्णा, म्हणजे आमचे वडील, शेतात असले की एक लहान ढेकूळ उचलून तिच्या पुढ्यात टाकायचे. अंगावर कधी नाही, पुढ्यात. शेजारच्या वस्तीवरचे तात्या डोक्याचा पटका सोडून दोन्ही हातांनी हलवायचे. आणि मी मागून दबकत जाऊन तिची वेणी ओढायचो. रंजी माझ्याहून चार वर्षांनी धाकटी, जन्मापासून ठार बहिरी, म्हणून मुकी. गावात तिला मुकीच म्हणत. घरात मात्र सगळे तिला नावानंच बोलवायचे. आई तर तिच्याशी दिवसभर बोलत असायची, "रंजे, मीठ दे गं, रंजे, कोंबडी हाकल गं," आणि रंजी तिच्या ओठांकडं बघून बरोबर मिठाकडं किंवा कोंबडीकडं धावायची.

आमची वस्ती अंथुर्ण्याच्या बाहेर, पाटाच्या खालच्या अंगाला. पाटाला पाणी असलं की उन्हाळ्यातसुद्धा विहिरीला पाझर यायचा, त्यामुळं भेंडी, चवळी, काकडी बारा महिने चालायची. उजाडायच्या आत भेंडी तोडायची, हातांची आग व्हायची, मग बारामतीला जाणारा टेम्पो रस्त्यावर हॉर्न वाजवत थांबायचा आणि आण्णा पाटी डोक्यावर घेऊन पळत सुटायचे. या सगळ्या आवाजांत रंजीचा वाटा एकच होता. मोटर चालू झाली की ती पाईपला गाल लावून बसायची. पाणी चढताना पाईप थरथरतो, ते तिला फार आवडायचं. डोळे मिटून बसायची आणि घशातून एक आवाज काढायची, कबुतरासारखा. पाईप आणि ती एकाच सुरात आहेत असं मला वाटायचं. आता मी दूध डेअरीच्या प्लांटमध्ये कामाला आहे. दिवसभर पंपांच्या शेजारी उभा असतो. कधी कधी कुणाचं लक्ष नाही असं बघून मी पाईपवर हात ठेवतो आणि लगेच काढून घेतो.

आई ही आण्णांच्या सख्ख्या मामाची मुलगी. आमच्याकडं यात सांगण्यासारखं काही नव्हतं. मामाची पोर म्हणजे घरातलीच, तिला बाहेर कशाला द्यायची, असा साधा हिशेब. आईसुद्धा कौतुकानं सांगायची की लग्नात तिला रडूच आलं नाही, कारण सासू म्हणजे आत्याच. रंजी अशी का झाली याचं कारण शोधताना घरच्यांनी ग्रहण काढलं, आईनं गरोदरपणी खाल्लेली पपई काढली, शेतातली जुनी म्हसोबाची जागा काढली. नात्याकडं कुणी बघितलंच नाही.

रंजीला फिट यायची. म्हणजे आम्ही त्याला फिट म्हणायचो. एकदम कोसळायची, ओठ निळे व्हायचे, डोळे वर जायचे, हातपाय थोडे झटकायची. आई कांदा फोडून नाकाला लावायची, कुणी चप्पल आणायचं, आणि मिनिटभरात ती उठून बसायची, घाबरलेली, घामानं भिजलेली. बारामतीच्या एका डॉक्टरनं फिटच्या गोळ्या दिल्या. त्यानं तिला पेंग यायची, फिट यायची ती यायचीच. डॉक्टरनं सांगितलं, विस्तव आणि पाणी, दोन्हीपासून लांब ठेवा. ते आईनं देवाचं वाक्य असल्यासारखं धरलं. रंजी चुलीपाशी बसायची नाही आणि विहिरीकडं जायची नाही.

इथं मला जे लिहायचं आहे ते लिहिणं मी बरेच दिवस टाळलं. रंजी कधी पडते हे घरात फक्त मला कळलं होतं. पळण्याच्या शर्यतीत पडली तेव्हा आई म्हणाली, उपाशी होती. तात्यांचं कुत्रं अंगावर आलं तेव्हा पडली, तर म्हणाली, अमावस्या होती. पण मी मागून वेणी ओढायचो तेव्हा ती दोन हात हवेत उडायची, वस्तीवरची पोरं हसायची, तीसुद्धा नंतर हसायची, आणि त्यातल्या तीन वेळा ती हसायच्या जागी खाली पडली होती. ती दचकली की पडते. तेरा वर्षांच्या पोराला हे स्वच्छ दिसत होतं. मी सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर वेणी ओढल्याबद्दल मार बसला असता. एवढंच कारण होतं. याहून मोठं कारण मी पुष्कळ शोधलं, सापडलं नाही.

त्या दिवशी आई कुरडया करत होती. गहू तीन दिवस भिजवून, वाटून, त्याचा चीक काढलेला. ज्यांनी चीक शिजवलेला बघितला आहे त्यांना माहीत आहे, तो चुलीवर चढला की बाईला हलता येत नाही. हात थांबला की गाठी होतात आणि सगळं वाया जातं. आम्हा पोरांचं लक्ष त्या पातेल्यावर असायचं, कारण गरम चीक वाटीत घेऊन त्यावर तेल आणि मीठ, किंवा दूध-गूळ, हे वर्षातून एकदाच मिळायचं. रंजी सकाळपासून लांब दारात वाटी घेऊन बसली होती. आईच्या अंगावर धुराचे लोट आणि घामाच्या धारा. ती मला म्हणाली, "दत्ता, चीक हुईस्तवर हिच्यावर नजर ठेव. आन् विहिरीकडं गेलास तर तंगडी मोडीन."

"मी कशाला जातोय," मी म्हणालो.

चुलत्याचा बापू विहिरीवर वाट बघत होता. तो माझ्याहून दोन वर्षांनी मोठा आणि पोरांना पोहायला शिकवणारा तोच. आमच्याकडची पद्धत अशी, की पाच किलो गोडेतेलाचा रिकामा पत्र्याचा डबा घ्यायचा, त्याचं झाकण डांबरानं बंद करायचं, तो नव्या पोराच्या पाठीला बांधायचा आणि त्याला काठावर उभं करून मागून ढकलायचं. सांगून ढकललं तर पोर आखडतं आणि पाणी पितं. न सांगता ढकललं तर भीती एका दणक्यात मोडते. बापूला तसंच ढकललं होतं, मला तसंच ढकललं होतं. रंजी माझ्या मागोमाग आली. मी तिला हाकललं नाही. महिनाभर ती दुरून पोरींना पोहताना बघत होती आणि मला डब्याची खूण करून दाखवत होती, पाठीवर हात नेऊन, मग दोन्ही हात मारत. त्या दिवशी ती वाटी हातात घेऊनच आली होती.

"हिला बी बांधू का?" बापू म्हणाला. "का मुकीला पाण्यात बी ऐकू येत न्हाय?"

"तुझ्यापेक्षा लवकर शिकंल ती," मी म्हणालो.

मी डबा बांधला. दोरी दोनदा तपासली, हे मला पक्कं आठवतं, कारण मला तिची काळजी होती. ती काठावर उभी राहून खालच्या पाण्याकडं बघत होती. वाटी तिनं पायरीवर नीट पालथी ठेवली. मग माझ्याकडं वळून काहीतरी विचारणार होती, अर्धीच वळली होती, आणि मी ढकललं.

पाण्याचा आवाज झाला. ती खाली गेली आणि डब्यानं तिला लगेच वर आणलं. पालथी, हात पसरलेले. ती हातपाय मारत नव्हती. नवं पोर बोंबलतं, गटांगळ्या खातं, काठ धरायला बघतं. रंजी शांत पडून होती. आमच्यात एक खेळ होता, मढं व्हायचा. श्वास धरून पाण्यावर पालथं पडायचं आणि बाकीच्यांनी मोजायचं. मी बापूला म्हणालो, "बघ कशी तरंगतीय. पयल्याच दिवशी." आणि मी मोजायला लागलो. मोठ्यानं, अभिमानानं. साठपर्यंत मोजलं.

बापू मधेच म्हणाला होता, "दत्ता, ती हालत न्हाय." मी त्याला म्हणालो, "गप, आकडा चुकतो."

आम्ही तिला ओढून पायरीवर घेतलं तेव्हा ओठ निळे होते. मला वाटलं, फिट आली, आता उठेल. मी कांदा आणायला पळणार होतो. त्याआधी मी एक काम केलं. दोरी सोडली आणि डबा कडब्याच्या गंजीत खुपसला. ती उठल्यावर आईला कळू नये म्हणून. मग ओरडत पळालो, की रंजीला फिट आली आणि ती विहिरीत पडली.

तात्या आधी पोहोचले. बुडालेल्या माणसाला पालथं करून पोट दाबायचं त्यांना माहीत होतं. पाटात वाहून गेलेली दोन माणसं त्यांनी अशी जगवली होती. त्यांनी तिला गुडघ्यावर पालथी घेतली, दाबली, पुन्हा दाबली. माणसं गोळा झाली. आई हातात चिकाचा दांडा घेऊन तशीच आली होती, दांड्यावरून चीक ओघळत होता. तात्या वर बघून म्हणाले, "पोटात पाणीच न्हाय." पुन्हा दाबली. "आण्णाराव, हिच्या पोटात पाणीच न्हाय हो."

ते वाक्य पंधरा-वीस माणसांनी ऐकलं आणि कुणी उचललं नाही. फिट आली, पडली, गेली, असं ठरलं होतं. मी सांगितलं म्हणून ठरलं होतं.

आण्णांनी मला एक शब्द विचारला नाही. आईला मात्र त्यांनी सगळ्यांसमोर विचारलं, "तुला चीक जास्त झाला व्हय?" त्यानंतर ते वारले तोपर्यंत ते तिच्याशी कामापुरतंच बोलले. जेवताना ताटाकडं बघायचे, तिच्याकडं नाही. आमच्या घरात पुन्हा कुरडया झाल्या नाहीत. मामी दर उन्हाळ्यात पाठवायची, त्या आई शेजारी वाटून टाकायची. मी हे सगळं बघत मोठा झालो. एक वाक्य बोललो असतो तर आण्णांनी ताटावरून मान वर करून तिच्याकडं बघितलं असतं, हे मला दर जेवणाला माहीत होतं. डबा पुढच्या हंगामात कडबा संपल्यावर आईला सापडला. कुणा पोरानं टाकला असेल म्हणून तिनं त्याचं तोंड कापलं आणि त्यात चवळीचं बी ठेवलं. तो डबा अजून फळीवर आहे. पेरणीला आई म्हणायची, "दत्ता, बी काढ," आणि मी त्यात हात घालायचो.

लग्नाचं वय झालं तेव्हा आई म्हणाली, "माझ्या भावाची सुनीता कर. मला घरात माझं कुणी न्हाय." मी क्षणभरही थांबलो नाही. मला वाटलं, निदान एवढं तरी तिला देता येतंय. बापू तेव्हा नुकताच लोणी देवकरला कारखान्यात लागला होता. तो हळूच म्हणाला होता, "नात्यातली नको करू दत्ता, मुकी निपजत्यात म्हणत्यात." मी त्याच्यावर चिडलो. रंजीचं नाव त्याच्या तोंडून मला चालायचं नाही.

आम्हाला बरीच वर्षं मूल नव्हतं. मग आर्या झाली. ती आठ महिन्यांची असताना सुनीतानं तिच्या मागं पातेलं पाडलं आणि आर्या खेळत राहिली. सुनीता माझ्याकडं बघत उभी राहिली. आईनं टाच आपटली. आर्यानं मान वळवली.

आर्या पाच वर्षांची झाली तेव्हा कानाच्या आत यंत्र बसवायची शस्त्रक्रिया करायची म्हणून बारामतीच्या दवाखान्यात तपासण्या सुरू झाल्या. त्यात भूल देण्याआधीचा ईसीजी. तो काढणाऱ्या पोरानं पट्टी बघितली, पुन्हा काढली, आणि कागद घेऊन आत गेला. हृदयाच्या डॉक्टर बाई वयानं लहान होत्या, माझ्या पुतणीएवढ्या. आमचं तिघांचं रक्त तपासणीला बाहेर पाठवलं. अहवाल आला त्या दिवशी त्यांनी कोरा कागद घेतला आणि आमचं घर काढायला लागल्या. पुरुषाला चौकोन, बाईला गोल. मी आणि सुनीता यांच्यामध्ये त्यांनी एकाऐवजी दोन रेघा ओढल्या. वर आण्णा आणि आईमध्येही दोन.

"ह्या दोन रेघा कशाच्या?" सुनीतानं विचारलं.

"नात्यातलं लग्न असलं की दोन काढतात," बाई म्हणाल्या. मग समजावून सांगितलं. प्रत्येक ठोक्यानंतर हृदयाला पुढच्या ठोक्यासाठी पुन्हा तयार व्हावं लागतं. आर्याच्या हृदयाला त्यासाठी फार वेळ लागतो. त्या वेळात ती दचकली, पळाली, घाबरली, तर ठोके भरकटतात आणि हृदय नुसतं थरथरत राहतं. जो दोष हृदयात आहे तोच कानाच्या आत आहे, म्हणून ती बहिरी. त्यासाठी बिघडलेल्या जनुकाच्या दोन प्रती लागतात, एक आईकडून, एक बापाकडून. "तुमच्या दोघांत एक-एक आहे. म्हणून तुम्हाला ऐकू येतं. पण तुमच्याही पट्ट्या काढू." माझ्या पट्टीतही तो वेळ थोडा लांबलेला निघाला. म्हणजे रंजीला जे होतं त्याचं अर्धं घेऊन मी त्या विहिरीत रोज उड्या मारत होतो.

त्यांनी माझ्या चौकोनाशेजारी एक गोल काढला. "तुम्हाला बहीण होती असं लिहिलंय. बहिरी. कशानं गेल्या?"

"बुडून," मी म्हणालो.

त्यांनी गोलावर तिरकी रेघ मारली आणि पेन तिथंच ठेवलं. "पोहत होत्या? की पडल्या? आधी चक्कर यायची का, आणि यायची तर कधी? आठवून सांगा. आर्याला गोळ्या किती द्यायच्या, छातीत ठोके सांभाळणारं यंत्र आत्ताच बसवायचं का, हे ठरवताना घरातला इतिहास आम्हाला लागतो."

सुनीता माझ्याकडं बघत होती. सगळ्या पाहुण्यांना माहीत होतं तेवढंच तिला माहीत होतं. आर्या तिच्या मांडीवर बसून डॉक्टरांचं पेन ओढत होती. मी त्या कागदाकडं बघून सगळं सांगितलं. वेणी, कुत्रं, शर्यत, डबा, साठ आकडे. शेवटी म्हणालो, "पोटात पाणी नव्हतं." डॉक्टर बाईंनी हळूहळू लिहून घेतलं. मी विचारलं, "लगेच बाहेर काढली असती तर?"

त्या म्हणाल्या, "कधी ठोके आपोआप जागेवर येतात. आधी आलेच होते, नाही का. कधी येत नाहीत. आता ते कुणी सांगू शकणार नाही."

गाडीवरून येताना सुनीता मागं आर्याला घट्ट धरून बसली होती. निम्म्या वाटेत म्हणाली, "ती दचकली की पडायची, ह्ये तुमाला ठावं हुतं. मी आर्याला पाच वर्षं मागनं जाऊन उचलतीय. तुमी बघताय."



आईला दुसऱ्या दिवशी दुपारी सांगितलं. ती पडवीत चवळीच्या शेंगा सोलत होती. मी म्हणालो, "आई, रंजी बुडून गेली न्हाय."

"पोटात पाणी नव्हतं," आई म्हणाली. लगेच, मान वर न करता. इतकी वर्षं ते वाक्य तिच्या ओठांच्या आत होतं. मी हृदयाचं सांगितलं. दोन प्रतींचं सांगितलं. ती हात थांबवून ऐकत होती. "म्हंजी माझ्यातनं बी आलं त्ये," ती म्हणाली. मग म्हणाली, "दत्ता, म्हंजी मी चीक सोडून आले आसते, तरी ती गेलीच आसती. व्हय का न्हाय?"

होय म्हणायचं होतं. त्या एका शब्दानं तिचं म्हातारपण निभलं असतं आणि माझंही. तिचा चेहरा मी तसा मोकळा कधी बघितला नव्हता.

"मी ढकलली तिला," मी म्हणालो. "मागनं. डबा बांधून."

तिनं एक शेंग सोलली. दाणे सुपात टाकले. "कुठला डबा?"

मी फळीकडं बघितलं. तिनंही बघितलं. मग तिनं एवढंच म्हटलं, "तुझ्या बापाला सांगायचं हुतंस. त्यो शेवटाला पाणी बी माझ्या हातचं प्याला न्हाय." ती उठली नाही, रडली नाही. सूप संपेपर्यंत शेंगा सोलत राहिली.

आर्याला आता दिवसातून दोनदा गोळी असते. कानाची शस्त्रक्रिया लांबली आहे. आधी हृदय, मग कान, असं डॉक्टर म्हणतात. माझा आवाज तिनं अजून ऐकलेला नाही. घरात सगळ्यांना सक्त ताकीद आहे, की तिच्याकडं समोरून जायचं. मी अंगणाला पूर्ण वळसा घालून, तिला दिसेन असा जातो, हात दाखवत जातो. ती हसते.

आई तेव्हा तिच्या शेजारी बसलेली असते. माझ्याशी ती बोलते, भाकरी वाढते, डेअरीतलं विचारते. फक्त मी अंगणात पाऊल टाकलं की तिचा एक हात उठतो आणि आर्याच्या पाठीवर जाऊन बसतो. मी समोरून येत असलो तरी. मी परत जाईपर्यंत तो हात तिथून निघत नाही.